शत्रूचा चेहरा

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा तैलरंगाची नळी उघडली. मराठी विषय घेऊन एम. ए. झाले, पुढे पंचवीसहून अधिक वर्षे मराठीच शिकवले. त्यामुळे हाताला सवय होती ती खडूची आणि लाल शाईच्या पेनाची. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतील एलिमेंटरीच्या परीक्षेपुरताच. त्या परीक्षेत मला ‘क’ श्रेणी मिळाली आणि माझी रंगपेटी धाकट्या भावाकडे गेली, ती कायमची. असे असताना या वयात हे वेड कोठून शिरले, असे घरचे विचारत. त्याचे उत्तर मला एका वाक्यात देता येत नसे. म्हणून ते येथे सविस्तर सांगते.

नोकरीच्या निमित्ताने मी वडोदऱ्यात आले आणि येथेच राहिले. या शहरात चित्रे पाहण्याची सोय उत्तम आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी युरोपातून आणवलेल्या चित्रांचे दालन येथील संग्रहालयात आहे. ते १९२१ साली लोकांसाठी खुले झाले. राजा रविवर्मा यांची चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत. सुटीच्या दिवशी मी संग्रहालयात जाई आणि तैलरंगातील व्यक्तिचित्रांसमोर रेंगाळे. चार पावलांवरून पाहिले की चित्रातला माणूस जिवंत वाटे. अगदी जवळ गेले की तो नाहीसा होई आणि उरत ते नुसते रंगाचे फटकारे; गालावर एक तांबूस पट्टा, कानाशी हिरवट ठिपका. मागे सरकले की माणूस पुन्हा हजर! हे कसे घडते, याचे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना. त्या कुतूहलानेच मी एका निवृत्त कलाशिक्षकांच्या माडीवरील चित्रशाळेत जाऊन पोहोचले. त्यांना सगळे जण ‘सर’ म्हणत. मीही म्हणू लागले. मी शिक्षिका असल्याचे कळल्यापासून ते मला ‘बाई’ म्हणत.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “बाई, वर्षभर स्वतःचं असं काही काढायचं नाही. एखाद्या मोठ्या चित्रकाराचं एकच व्यक्तिचित्र निवडायचं आणि त्याची नक्कल करायची.”

‘नक्कल’ हा शब्द ऐकून मी चपापले. नक्कल करणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिका काढून घेण्यात माझी निम्मी नोकरी गेली होती. माझ्या चेहऱ्यावरून सरांनी ते ओळखले असावे. ते हसून म्हणाले, “परीक्षेत मुलं नक्कल करतात ती विचार करायचे कष्ट वाचावेत म्हणून. इथं नक्कल करायची ती बघायचे कष्ट पडावेत म्हणून.”

मग त्यांनी या जुन्या रिवाजाविषयी सांगितले. पॅरिसचे लूव्र संग्रहालय १७९३ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून तेथे चित्रकारांना मूळ चित्रांसमोर बसून प्रतिकृती करण्याची मुभा आहे. स्पेनचा थोर चित्रकार फ्रान्सिस्को गोया याने तरुणपणी, त्याच्याही शतकभर आधीच्या व्हेलास्केस या चित्रकाराची राजसंग्रहातील चित्रे पाहून त्यांवरून धातूच्या पत्र्यांवर कोरलेली मुद्राचित्रे तयार केली आणि ती १७७८ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे रविवर्म्यांना त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने शिकवले नाही. पण तो काम करत असताना पाहत बसण्याची परवानगी त्यांना मिळाली आणि त्या पाहण्यातूनच ते पुष्कळ काही शिकले.

एवढे सांगून सरांनी माझ्यासमोर सात-आठ चित्रांच्या छापील प्रती पसरल्या. त्यांतील एकीवर माझी नजर खिळली. काळोख्या पार्श्वभूमीवर लाल गणवेशातील एक सेनापती. छातीवर तारे, खांद्यावरून आलेले पट्टे, गळ्यात पदके. प्रतीच्या पाठीमागे छापले होते : ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन. चित्रकार : गोया. १८१२-१४. नॅशनल गॅलरी, लंडन.’

या माणसाला मी लहानपणापासून ओळखत होते. मात्र वेगळ्या नावाने.

माझे आजोळ आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईच्या परिसरातले. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातला हा मुलूख. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या एकत्रित फौजेशी इंग्रजांची येथे लढाई झाली. इंग्रज फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. त्याची फौज संख्येने पुष्कळच लहान होती आणि तिच्यातले बहुसंख्य शिपाईही मद्रासकडचे, म्हणजे आपल्याच देशातले होते. नदीला येथे उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे वेलस्लीला दिसली. एवढ्या जवळच्या गावांमध्ये जा-ये असणारच, तेव्हा उतारही असला पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. शिंद्यांचे गोलंदाज आपल्या तोफा सोडून हटले नाहीत. पुष्कळ जण तोफांपाशीच मारले गेले. लढाई इंग्रजांनी जिंकली. पण त्यांचेही मृत आणि जखमी मिळून दीड हजारांहून अधिक लोक पडले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. उतारवयात कोणी तरी त्याला, रणांगणावरची तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, असे विचारले. त्याने वॉटर्लूचे नाव न घेता एकच शब्द उच्चारला, ‘असई’, असे सांगतात.

आजोबांच्या शेतात नांगरताना एक लोखंडी तोफगोळा निघाला होता. ओसरीचा दरवाजा वाऱ्याने आपटू नये म्हणून तो दाराशी ठेवलेला असे. आम्ही मुले तो दोन्ही हातांनी उचलण्याची पैज लावत असू. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाजेवर पडून आजोबा लढाईची हकिकत सांगत. त्या हकिकतीतला वेलस्ली उंच, क्रूर आणि गर्विष्ठ होता. ओठ आवळून, भुवया ताणून तो तोफांच्या धुरातून घोडा फेकत येई. त्याचे चित्र मी कोठेही पाहिले नव्हते. तरीही तो कसा दिसत असेल, याविषयी माझ्या मनात कधी शंका नव्हती.

“हे चित्र घेऊ का?” मी सरांना विचारले. का, ते मात्र सांगितले नाही.

कामाला सुरुवात झाली. मूळ चित्र महोगनी लाकडाच्या फळीवर रंगवलेले असून सुमारे ६४ सेंटिमीटर उंच आणि ५२ सेंटिमीटर रुंद आहे. मी त्याच मापाचा कॅनव्हास घेतला. छापील प्रतीवर आणि कॅनव्हासवर सारख्या प्रमाणात चौकटी आखून एकेका चौकटीतील रेषा उतरवली. आधी अख्ख्या कॅनव्हासवर तपकिरी रंगाचा पातळ हात दिला. कारण पांढऱ्याफेक पृष्ठभागावर कोणताही रंग आहे त्याहून गडद भासतो आणि डोळा फसतो. मग उजेड कोठे आणि अंधार कोठे, एवढेच दाखवणारा खालचा थर. त्यात टर्पेंटाइन जास्त आणि तेल जवळजवळ नाही. वरच्या प्रत्येक थरात जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवत न्यायचे. हा नियम मोडला तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर आकसतो आणि चित्राला भेगा पडतात. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून घेत तो सावकाश घट्ट होतो. एकेका थराला कित्येक दिवस लागतात. तासाच्या घंटेवर आयुष्य घालवलेल्या मला ही सक्तीची वाट पाहणे प्रथम फार जड गेले.

चौथ्या महिन्यात चेहरा तयार झाला. माझ्या मते तो चांगलाच साधला होता. मी सरांना बोलावले. त्यांनी छापील प्रत आणि कॅनव्हास शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. मग विचारले, “बाई, हा कोण?”

“वेलिंग्टन,” मी म्हणाले.

“हा वेलिंग्टन,” प्रतीकडे बोट दाखवून ते म्हणाले. “आणि तुम्ही काढलाय तो कोण? गोयानं तर असा माणूस काढलेला नाही.”

मी पाहिले. खरोखरच तो दुसराच कोणी होता. माझ्या कॅनव्हासवरील माणसाने ओठ घट्ट आवळले होते. त्याच्या भुवया खाली ओढलेल्या होत्या आणि डोळ्यांत तुच्छता होती. आजोबांच्या अंगणात पाहिलेला तो वेलस्ली सहा हजार दिवसांनी नव्हे, चार दशकांनी माझ्या कुंचल्यातून उतरला होता. चार महिने मी समोरच्या चित्राकडे रोज पाहत होते आणि रंगवत होते मात्र मनातले.

मग मी सरांना असईची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. त्यावर चांगले-वाईट काहीच न बोलता त्यांनी माझ्या कॅनव्हासवरचा चेहरा रंगाच्या सुरीने खरवडून काढला, छापील प्रत उलटी, म्हणजे डोके खाली करून, फळ्यावर टाचली आणि कॅनव्हासही उलटा ठेवला. म्हणाले, “आता हा ना ड्यूक, ना तुमचा वेलस्ली. हे नुसते उजेड-अंधाराचे तुकडे आहेत. डोळे किलकिले करा आणि एकेक तुकडा जिथल्या तिथं ठेवा.”

उलट्या चित्रात नाक नाक राहत नाही आणि डोळाही डोळा राहत नाही. एका तिरप्या गडद आकाराला लागून एक फिकट आकार. त्याच्या कडेला किंचित करडी छटा. मी त्या आकारांच्या मागे जाऊ लागले. तेव्हा काही गोष्टी हळूहळू ध्यानात आल्या. डोळ्यांतील पांढरा भाग पांढरा नसतो. तो करडा असतो आणि पापणीच्या सावलीत तर चांगलाच काळवंडलेला असतो. डोळ्यांखाली जी छटा होती ती तपकिरी नव्हती, हिरवट होती. काळ्या रंगात पिवळ्या मातीचा रंग मिसळला तेव्हा ती सापडली. भुवया खाली ओढलेल्या नव्हत्या, उलट किंचित वर चढलेल्या होत्या. आणि ओठ मिटलेले नव्हतेच. ते जरासे विलग होते. आत वरच्या दातांची पुसटशी कड दिसत होती. धापा टाकत आलेल्या किंवा काही बोलता बोलता थांबलेल्या माणसाचे ओठ असतात, तसे ते होते.

तीन आठवड्यांनी कॅनव्हास सुलटा केला. माझ्याकडे एक थकलेला माणूस पाहत होता.

त्यानंतर मी या चित्राची हकिकत मुद्दाम वाचून काढली. २२ जुलै १८१२ रोजी सालामांका येथे फ्रेंचांचा पराभव करून वेलिंग्टन १२ ऑगस्टला माद्रिदमध्ये शिरला. त्याच महिन्यात गोयाने त्याचे चित्र आरंभले. वेलिंग्टन त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा होता आणि गोया सहासष्ट. १७९२-९३ मधील दीर्घ आजारात गोयाची श्रवणशक्ती गेली होती. रस्त्यांवर विजयाचा जो काही जयघोष झाला असेल, तो या चित्रकाराच्या कानांवर पडला नाही. समोर बसलेल्या माणसाकडे तो केवळ पाहू शकत होता. याच काळात तो युद्धातील अत्याचार, उपासमार आणि प्रेते यांची एक मुद्राचित्रमालिका कोरत होता. ती त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. १८२८ मध्ये तो वारला आणि मालिका १८६३ मध्ये लोकांसमोर आली. युद्ध ज्यांच्या अंगावरून गेले त्यांचे चेहरे जो रोज कोरत होता, त्याने युद्ध जिंकणाऱ्याचा चेहराही त्याच डोळ्यांनी पाहिला. वॉटर्लूच्या विजयानंतर वेलिंग्टनने स्वतःच एका पत्रात लिहिले, की हरलेल्या लढाईखालोखाल उदास करणारी गोष्ट म्हणजे जिंकलेली लढाई. पण गोयाने ती उदासी त्याच्या तीन वर्षे आधीच रंगवून ठेवली होती.

हे सारे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मी अस्वस्थ झाले. त्या तोफगोळ्याची आठवण येई. ज्याच्यामुळे आमच्या शिवारात एवढी माणसे पडली, त्याच्या डोळ्यांखालच्या सावलीसाठी मी आठ-आठ दिवस रंग घोटत होते. हा आजोबांशी द्रोह तर नव्हे? एका संध्याकाळी मी हे सरांना विचारले.

ते म्हणाले, “तुम्ही त्याचे ओठ आवळलेत म्हणून असईची लढाई जिंकली गेली का? आणि आता ते उघडलेत म्हणून त्याला माफी मिळाली का? चित्रात न्याय करू नका, बाई. आधी माणूस काय आहे ते दिसू द्या. न्याय त्यानंतरही करता येतो. आणि बहुधा जास्त चांगला करता येतो.”

त्या वाक्याचा मी अनेक दिवस विचार केला. असईचा तो उतार मला पुनःपुन्हा आठवला. वाटाड्यांनी सांगितलेले बाजूला ठेवून वेलस्लीने समोरची दोन गावे पाहिली होती. मला ज्याच्याकडून काहीही शिकायचे नव्हते, त्याच्याकडूनच हा धडा घ्यावा लागत होता.

शेवटी उरली ती पदके. मला वाटले होते, चेहऱ्यापुढे हे काम सोपे. मी एकेक तारा सोनाराच्या निगुतीने रंगवला; प्रत्येक टोक, प्रत्येक कंगोरा. परिणाम असा झाला की पदके लखलखू लागली आणि चेहरा मागे गेला. मूळ चित्रात नीट पाहिले तर गोयाने पदके जाड रंगाच्या मोजक्या ठिपक्यांत आटोपली आहेत. जवळून ती नुसती गिचमीड दिसतात. नवे सन्मान मिळत गेले तशी त्याला १८१४ पर्यंत त्यांत दुरुस्तीही करावी लागली. चेहऱ्याला मात्र पहिल्या भेटीतला शीण तसाच राहिला. मी माझे सोनारकाम पुसून टाकले आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे एकेका पदकाला पाचच फटकारे दिले. बुबुळांतला प्रकाशाचा ठिपका सर्वांत शेवटी ठेवला. वर्षाला दोन महिने जास्त लागले होते.

त्याच हिवाळ्यात मामा औषधपाण्यासाठी वडोदऱ्याला आले. ऐंशी ओलांडलेले मामा आजही आजोबांचेच शेत पाहतात. चित्र मी खोलीत भिंतीला टेकवून ठेवले होते. मी काही सांगण्याआधीच ते त्याच्यासमोर थांबले.

“लई दिसांचा झोपला नाही वाटतं हा माणूस,” ते म्हणाले. “कोन गं हा?”

मी नाव सांगितले. मामा काहीच बोलले नाहीत. खुर्ची ओढून ते चित्रासमोर बसले आणि चहा निवेपर्यंत पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, “आन् आपल्या तोफांवरच्या माणसांचं हाये का असं चित्र कुठं?”

मी सांगितले, की मी तरी त्यांच्यापैकी कोणाचे पाहिलेले नाही. त्यांची नावेसुद्धा मला ठाऊक नाहीत.

“मंग?” मामा म्हणाले. पुढे ते काही बोलले नाहीत.

त्या ‘मंग’चे उत्तर माझ्यापाशी अजून नाही. ज्यांचा चेहरा कोणी पाहून ठेवला नाही, त्यांचे चित्र कल्पनेने काढावे, तर पुन्हा आवळलेल्या ओठांसारखे काही तरी हातून होईल, अशी भीती वाटते. सुटीत आजोळी गेले की मी आता पारावर बसलेल्या माणसांचे चेहरे वहीत रेखाटून आणते. ते गोलंदाज यांच्यासारखेच दिसत असतील, असे खात्रीने म्हणता येत नाही. पण पाहण्याची सुरुवात येथूनच करावी लागेल, असे वाटते.

मागच्या खेपेला मामांनी तो तोफगोळा पिशवीत घालून माझ्याबरोबर दिला. सध्या तो खिडकीपाशी स्टुलावर ठेवला आहे आणि मी त्याचे चित्र रंगवत आहे. लोखंड काळे असते, असे मला आजवर वाटे. तीन आठवडे होत आले. तांबूस, जांभळट, करडा असे कितीतरी रंग लागले. काळ्या रंगाची नळी अजून उघडावी लागलेली नाही.